फॉर्मवर नसलेला रकाना

आमच्या लॅबच्या फॉर्मवर पेशंटचं नाव, वय, स्त्री की पुरुष, मोबाईल नंबर आणि कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं एवढे रकाने आहेत. उपाशीपोटी आलात की जेवून, त्यासाठीही एक छोटा चौकोन आहे. माणूस पोटापाण्यासाठी काय करतो, हे विचारणारा रकाना मात्र नाही. कोपरखैरण्यातल्या या लॅबमध्ये मी १९ वर्षं रक्त काढते आहे आणि त्यातली १६ वर्षं मला ही उणीव जाणवलीही नव्हती.

जाणवली ती शिवजयंतीच्या एका रक्तदान शिबिरामुळे. आमच्या सेक्टरमधल्या मंडळाने ते भरवलं होतं. ब्लड बँकेची माणसं कमी पडली म्हणून हिमोग्लोबिन बघायच्या टेबलावर मला बसवलं. दुपारी तीनच्या सुमाराला पेट्रोल पंपाच्या गणवेशातली पाच-सहा जणं आली. सकाळची शिफ्ट संपवून थेट आलेली. त्यातली एक बाई खुर्चीत बसली आणि तिने हात पुढे केला. बोट टोचायच्या आधी मी स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पिरिट उडून गेलं आणि खालून पेट्रोलचा वास वर आला. बोटांची टोकं पांढुरकी, कोरडी, भेगाळलेली. भांडी घासणाऱ्या बायकांची असतात तशी, पण त्याहून रखरखीत. पेट्रोल कातडीतलं तेल काढून नेतं, हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं. बोटातून कळलं त्या दिवशी.

"किती हाय?" तिने विचारलं.

"दहा पॉइंट चार. रक्त द्यायला साडेबारा लागतं, ताई."

"म्हंजे माझं रक्त चालत न्हाय?"

"चालत नाही असं नाही. तुम्हालाच कमी आहे, तर दुसऱ्याला कुठून देणार?"

ती कसनुशी हसली. "मालकानं समद्यास्नी धाडलंय. आता जाऊन सांगती, नापास झाली म्हणून."

उठताना तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमची ती निळी स्कूटर न्हवं का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ऐरोलीहून येते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ज्या पंपावर मी दर आठवड्याला थांबते, तिथे माझ्या गाडीत पेट्रोल भरणारी हीच. "मॅडम, झिरो बघा," हे वाक्य मी तिच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मुकाट्याने मशीनवरचा झिरो बघितला होता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. १०.४ हा आकडा पेट्रोलमुळे आला, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये हा आकडा इतका नेहमीचा आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. लोह कमी, पाळीत जास्त रक्त जाणं, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाणं, ही त्याची कारणं. तिचंही तेच असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण बोळ्याखालून वर आलेला तो वास माझ्या नाकातून जाईना.

त्यानंतर पंपावर गेले की मी झिरोऐवजी तिचे हात बघू लागले.

आपण टाकी रिकामी झाली म्हणतो, पण ती रिकामी कधीच नसते. पेट्रोल खाली जातं तशी वरची जागा त्याच्या वाफेने भरत जाते. मग आपण पंपावर जाऊन दोन लिटर भरा म्हणतो. दोन लिटर पेट्रोल आत गेलं की तेवढीच वाफाळलेली हवा बाहेर पडते. कळशी नळाखाली धरली की आतली हवा बुडबुड करत बाहेर येते, तसंच हे. मे महिन्यात भर दुपारी झाकण उघडलं की टाकीच्या तोंडावर हवा थरथरताना दिसते, तापलेल्या तव्यावर दिसते तशी. कारची टाकी बाजूला असते. नोझल अडकवून माणूस दोन पावलं मागे सरकू शकतो. स्कूटरला ती सोय नाही. सीट उचलायची, अरुंद तोंडात नोझल हातानेच धरून ठेवायचं आणि उतू जाऊ नये म्हणून वाकून आत बघत राहायचं. चेहरा आणि टाकीचं तोंड यांत वीतभर-दोन वीत अंतर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे वारा पडलेला असला तर ती वर उडून न जाता तिथेच, कंबरेच्या उंचीवर रेंगाळते.

एका संध्याकाळी टायरमध्ये हवा भरतात तिथे पाऊण तास उभी राहून मी मोजलं. तिने ४१ गाड्या भरल्या, त्यातल्या ३४ दुचाकी. म्हणजे ३४ वेळा ती वाकली. शिफ्ट आठ तासांची. बदली माणूस आला नाही तर बाराची.

या वाफेत शेकडो पदार्थ असतात, कारण पेट्रोल हा मुळात एक पदार्थच नव्हे. त्यातल्या एकाने माझ्या धंद्याशी, म्हणजे रक्ताशी, फार जुनं वैर धरलं आहे. तो बेंझीन. ८० अंशांना उकळणारा, त्यामुळे साध्या हवेतही भराभर उडणारा. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाच्या पेट्रोलमध्ये तो जास्तीत जास्त १ टक्का असायची परवानगी आहे. पूर्वी याहून जास्त चालायचा. तो श्वासातून रक्तात जातो, थोडा कातडीतूनही जातो. यकृत त्याला बाहेर घालवायचं म्हणून त्याचं रूप बदलतं, आणि हे बदललेलं रूपच हाडांतल्या मज्जेला जास्त नडतं. मज्जा म्हणजे रक्ताचं शेत. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं पीक तिथलं.

हे ज्ञान नवं नाही, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. १८९७ साली स्वीडनमध्ये सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण मुली आजारी पडल्या. त्यांच्या मज्जेने रक्त तयार करणंच थांबवलं होतं. कारण निघालं बेंझीन. १९२८ मध्ये बेंझीनशी काम करणाऱ्या माणसाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याची नोंद झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा आहे असे पदार्थ. किती जणांना होईल, हे तो गट सांगत नाही. होतो, याची खात्री तेवढी देतो. २०१२ मध्ये त्याच गटात डिझेल इंजिनाचा धूर गेला. आणि २०२५ मध्ये खुद्द पेट्रोल. मूत्राशयाचा कर्करोग आणि प्रौढांमधला एक तीव्र रक्ताचा कर्करोग, अशी दोन नावं तिथे लिहिली आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभी असलेली बाई या यादीतल्या तिन्ही गोष्टी एकाच श्वासात घेते. बेंझीन पेट्रोलमधूनच येतं आणि डिझेलचा धूर तुर्भ्याच्या मार्केटकडे जाणाऱ्या ट्रकांचा.

वास येतोय म्हणजे धोका, वास गेला म्हणजे संपला, असं आपण धरून चालतो. इथे ते चालत नाही. हवेच्या १० लाख भागांत १ भाग म्हणजे १ पीपीएम. अमेरिकेने कामगारांसाठी बेंझीनची मर्यादा १९८७ मध्ये १० पीपीएमवरून १ वर आणली. युरोपने २०२२ च्या निर्देशात ती टप्प्याटप्प्याने ०.२ पर्यंत खाली आणायची ठरवली. आणि बेंझीनचा वास माणसाच्या नाकाला जाणवू लागतो तो साधारण १ पीपीएमच्या वर गेल्यावर. त्यातून रोज त्याच वासात उभं राहणाऱ्याचं नाक तासाभरात बधिर होतं. "आम्हाला आता वासच येत नाही," असं पंपावरची पोरं जवळपास अभिमानाने सांगतात.

२००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. चीनमधल्या टियांजिनला चपला-बूट बनवणाऱ्या कारखान्यांतले २५० कामगार आणि बेंझीनशी संबंध नसलेले १४० जण यांच्या रक्ताची तुलना त्यात केली होती. १ पीपीएमच्याही खाली काम करणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी कमी भरल्या. मी तो निष्कर्ष वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. घरातली सगळी झोपली होती, आणि मला सकाळी स्वतःच्या हाताने छापलेला एक रिपोर्ट आठवत होता.

कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. कुणाचाही असू शकला असता. पांढऱ्या पेशी ४,६००. शेजारी छापलेली मर्यादा ४,००० ते ११,०००. मर्यादेच्या आत, म्हणून आकडा साध्या अक्षरांत. बाहेर गेला असता तर मशीनने तो ठळक केला असता, शेजारी बाण काढला असता आणि मी लॅबच्या डॉक्टरांना, आमच्या सरांना, हाक मारली असती. पण या माणसाच्या पेशी पाच वर्षांपूर्वी ९,००० असतील तर? तर त्याचं निम्मं पीक गेलं आहे आणि माझ्या कागदावर तो ठणठणीत आहे.

ही मर्यादा हजारो निरोगी माणसांवरून काढलेली असते. त्यातल्या कुणा एकाचं स्वतःचं 'नॉर्मल' किती, हे ती सांगूच शकत नाही. ते सांगतो फक्त त्याचा मागचा रिपोर्ट. आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी मागचा रिपोर्ट कुणाकडे असतो? बाळंतपणाची फाईल असते. मधुमेहवाले काका जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात. पण पंचविशीतला, धडधाकट, कधी आजारी न पडलेला पोरगा? त्याचं रक्त कधी तपासलेलंच नसतं. तो पंपावर लागतो, मज्जेवर रोज थोडं थोडं सोसतो, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा रक्त देतो त्या दिवशी तुलनेला काहीच नसतं.

शिबिरानंतर चार-एक महिन्यांनी असाच एक जण आला. वय ३४. दहा दिवस ताप, हिरड्यांतून रक्त. मशीनने आकडा द्यायच्या आधीच लाल खुणा दाखवल्या. पांढऱ्या पेशी ६८,०००, प्लेटलेट नावाला. मी स्लाइड केली, पेशी रंगवणारा लिशमन स्टेन दिला आणि दुर्बिणीखाली ठेवली. इतक्या वर्षांत डोळ्याला सवय होते. त्या पेशी कोवळ्या होत्या, मोठ्या, न पिकलेल्या, मज्जेतून बाहेर पडायलाच नको होत्या अशा. सरांनी खूप वेळ बघितलं आणि खारघरच्या टाटांच्या कर्करोग केंद्राकडे चिठ्ठी लिहून दिली. रिपोर्ट न्यायला भाऊ आला होता. मी नको असताना विचारलं, "दादा काय काम करतात?"

"पंपावर आहे. अकरा वर्षं झाली."

मी आत जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, एका माणसाबद्दल असं कधीच म्हणता येत नाही. हा आजार पंपावर न गेलेल्यालाही होतो." खरंच आहे ते. मी वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून मी रजिस्टरच्या समासात पेन्सिलीने काम लिहायला लागले. माथाडी. रिक्षा. घरकाम. रंगारी. पंप. कॉल सेंटर. रंगारी आणि छापखानेवाल्यांच्याही हवेत असली द्रावकं असतात, हे मग एकेका नोंदीबरोबर कळत गेलं.

पुढच्या वेळी गाडी भरायला गेले तेव्हा पंपाकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. धूम्रपान करू नये. मोबाईल वापरू नये. इंजिन बंद ठेवा. लाल बादल्या ओळीने टांगलेल्या, वाळूने भरलेल्या. आग विझवायचे सिलिंडर, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी: मागची तपासणी कधी, पुढची कधी. पंपावर आगीची भीती आहे आणि ती घ्यायलाच हवी. तिच्यासाठी कायदा आहे, परवाना आहे, तपासायला येणारे अधिकारी आहेत. सिलिंडरला त्याची तारीख आहे. त्याच्या शेजारी आठ तास उभ्या असलेल्या माणसाला ती नाही.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७१ मध्ये खास बेंझीनसाठी एक करार केला. भारताने तो १९९१ मध्ये मान्य केला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, तसंच अठराच्या आतल्या मुलांना बेंझीनच्या कामावर लावू नये, असं त्यात स्पष्ट आहे. कामावर घेताना आणि नंतर ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करावी, हेही आहे. वाचताना माझा जीव भांड्यात पडला होता. मग पहिलं कलम वाचलं. हा करार लागू होतो तो बेंझीनला आणि ज्यात बेंझीन १ टक्क्यापेक्षा जास्त आहे अशा मालाला. आपलं पेट्रोल बरोबर १ टक्क्याच्या रेषेवर थांबतं. रेषेच्या अलीकडे उभ्या असलेल्या बाईच्या फुफ्फुसाला ही रेषा दिसत नाही. ती ३४ वेळा वाकली की ३४ वेळा तेच आत घेते.

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बेंझीनपासून होणारे आजार होते, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहेत. कामातूनच झाले असं धरून भरपाई द्यायची तरतूद आहे. पण त्यासाठी त्या कामावर सलग किमान सहा महिने होतो, हे दाखवावं लागतं. नेमणुकीचं पत्र हातात नसलेला, वर्षाला पंप बदलणारा पोरगा ते दहा वर्षांनी कसं दाखवणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी होईल असं सरकारने सांगितलं. चांगलंच आहे. पण पंपावर चाळिशीचं कोण असतं? मॅनेजर.

ती मात्र आता मला मॅडमऐवजी ताई म्हणू लागली होती. एका रविवारी तिच्या घरी गेले. माण तालुक्यातली. नवरा मार्केटमध्ये माथाडी. माथाड्यांच्या वसाहतीतली एक खोली, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर दोन मुलं अभ्यास करत होती. दारामागच्या खुंटीवर पंपाचा गणवेश टांगलेला आणि खोलीभर त्याचा मंद वास. मी विचारलं, हा धुता कुठे?

"कुठं म्हंजे? समद्यांच्या कापडांतच. येगळा धुवायला पाणी कुठलं?"

मग ती एकेक सांगत गेली. चैत्र-वैशाखात चारनंतर डोकं धरतं. रात्री भूक मरते. केस दोनदा धुतले तरी उशीला वास. हाताला ग्रीस लागलं की फडकं पेट्रोलमध्ये बुडवून पुसायचं, पटकन निघतं. मग त्याच हाताने वडापाव. गर्दीच्या वेळी उठून हात धुवायला कोण सोडतं? पाण्याची बाटली मशीनच्या आडोशाला, कारण सावली तिथेच. तोंडाला ओढणी बांधते. मी तिला सांगितलं की ओढणीने धूळ अडते, वाफ अडत नाही. वाफेला कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो, आणि ती गाळणीही ठरावीक काळाने बदलावी लागते. तिने माझ्याकडे पाहिलं. "ते घालून आठ तास? या उन्हात?" मला पुढे बोलवेना. तिचंच बरोबर होतं.

तिच्याबरोबरची एक मुलगी पोटुशी होती. सातवा महिना लागेपर्यंत नोझल धरून उभी होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिनेच मागून घेतलं होतं, कारण नंतर जागा राहील याची खात्री नव्हती. कराराचं ते कलम मला त्या खोलीत आठवलं, आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

माणसाच्या तोंडावर काहीतरी बांधून हा प्रश्न सुटणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. वाफ जिथे निघते तिथेच पकडायला हवी, आणि ते जमतं. नोझलमध्येच दुसरी वाट असते. पेट्रोल एका वाटेने आत जातं आणि टाकीतली वाफ दुसऱ्या वाटेने जमिनीखालच्या टाकीत परत ओढली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या नियमांत १० लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत, महिन्याला १०० किलोलीटर पेट्रोल विकू शकणाऱ्या नव्या पंपांना ही यंत्रणा बसवायला सांगितली आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे १८ लाखांच्या वर होतं, नवी मुंबई ११ लाखांच्या. तेव्हा आपली दोन्ही शहरं त्यात बसतात. शाळा, दवाखाने आणि घरांपासून नवा पंप ५० मीटर दूर असावा, हेही त्याच नियमांत आहे. घरात बसलेल्या माणसासाठी ५० मीटर मोजले, ते योग्यच केलं. पण जुने पंप जुनेच आहेत. आणि यंत्रणा असली तरी स्कूटरच्या तोंडावर नोझल उचलून धरलं की ती अर्धीच वाफ ओढते, हे मी स्वतः थरथरणाऱ्या हवेवरून पाहिलं आहे.

गाडी घेऊन येणाऱ्या आपल्याही हातात थोडं आहे, आणि ते मी तेव्हापासून करते. नोझल आपोआप बंद झालं, 'कट' झालं, की थांबायचं. आपल्याला सवय असते, "जरा राउंड फिगर करा ना." त्या शेवटच्या दहा-बारा रुपयांसाठी ती नोझल वर उचलते, थेंब थेंब सोडते, तोंड आणखी जवळ नेते, आणि कधी पेट्रोल उतू जाऊन तिच्या हातावर येतं. पैसे आता मोबाईलवरून जातात. ४८७ रुपये ६० पैसे द्यायला कुणाला अडचण आहे? मी हे मागच्या गाडीवाल्यालाही सांगते. काही ऐकतात. काही म्हणतात, "त्यांचं कामच आहे ते."

गेल्या वर्षी मे महिन्यात मी पंपाच्या मॅनेजरला भेटले. माणूस सरळ होता. मी सांगितलं, सगळ्यांचं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून ठेवू. सर निम्म्या पैशांत करायला तयार आहेत, दरवर्षी एकदा, बस. तो बराच वेळ पेन फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, काही निघालं तर मी काय करू?"

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "तर त्याला ऑफिसात बसवा, पावत्या फाडायला. आणि डॉक्टरकडे पाठवा. लवकर कळलं आणि संपर्क थांबला, तर मज्जा बऱ्याचदा सावरते." तो तयार झाला. जूनच्या पहिल्या रविवारी १४ जणांचं रक्त घेतलं. प्रत्येकाला मी एक प्लॅस्टिकची फाईल दिली आणि दम दिला की ही रेशनकार्डाबरोबर ठेवायची. जिथे काम बदलाल तिथे न्यायची. रिपोर्टच्या वर मी माझ्या हाताने लिहिलं: पंप, किती वर्षं.

यंदा जूनमध्ये पुन्हा गेले. १४ पैकी ९ जण उरले होते. एक गावाला गेला, दोघे पनवेलकडच्या पंपावर लागले, एकाने डिलिव्हरीचं काम धरलं. पोटुशी मुलगी बाळंत होऊन परत आली नव्हती. मला त्या पाच फायलींची काळजी लागून राहिली आहे. त्या कुठे असतील, कुणी जपल्या असतील का.

ती दुसऱ्या दिवशी रिपोर्ट न्यायला लॅबमध्ये आली, फाईल काखेत मारून. फाईलमध्ये लाईटचं बिल, मुलाची गुणपत्रिका आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन गोळ्यांमुळे ११.६ वर आलं होतं. त्याचा तिला फार आनंद झाला. "औंदा पास व्हतीय बघा," म्हणाली. मी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. पांढऱ्या पेशी मागच्या वर्षी ७,८००. यंदा ६,१००. दोन्ही साध्या अक्षरांत, बाण नाही. हा आकडा साध्या सर्दीने वर जातो, ऋतूने, झोपेने, दिवसाच्या वेळेने हलतो. एवढ्या फरकावर काही बोलणं माझ्या विद्येला शोभणार नाही. मी तरी पुन्हा एकदा दोन्हींवरून बोट फिरवलं.

"म्हंजे बरंय न्हवं, ताई?"

"आत्ता बरं आहे. पण मला अजून एक कागद हवा आहे. पुढच्या जूनमध्ये नक्की या."

"येती की," ती म्हणाली. कागद बिलाच्या मागे सरकवला, फाईलचं बटण दाबलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दुपारची शिफ्ट होती. दारातून तिने ओढणी तोंडाला बांधली. ओढणीचा उपयोग नाही हे तिला मी सांगितलं होतं, आणि बांधू नका असंही मला म्हणवलं नाही. मी रजिस्टर उघडलं, पेन्सिल घेतली आणि समासात तिच्या नावापुढे लिहिलं: पंप, ७ वर्षं.